ललिता पवार थपडेनं घडल्या नाहीत

जुन्या हिंदी-मराठी सिनेमातल्या अभिनेत्री ललिता पवारांविषयीचा एक संदेश आमच्या गोव्यातल्या फोंड्यात पुन्हा मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. म्हणणं असं, की शूटिंगमधल्या एका थपडेनं त्यांची कारकीर्द संपली, डोळा बिघडला म्हणून त्या खलनायिका झाल्या आणि मग जन्मभर दुष्ट सासूच करत राहिल्या. वाचून सगळे हळहळतात. मला राग येतो.

थप्पड खरी आहे. १९४२ साली चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांचा हात जोरात बसला, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डोळा कायमचा अधू झाला. हे दुःख लहान नव्हे. पण कारकीर्द संपली? १९४४ च्या ‘रामशास्त्री’तली आनंदीबाई मग कोणी केली? १९२८ मध्ये पोरवयात पडद्यावर आलेली, १९३८ मध्ये ‘दुनिया क्या है’ची निर्मिती करणारी ही बाई १९८७ मध्ये ‘रामायण’ची मंथरा म्हणून घराघरांत पोचली. थपडेआधीची वर्षं चौदा, नंतरची चाळीसहून जास्त.

‘फक्त दुष्ट सासू’ हे तर गोव्याच्या माणसानं पुढे पाठवूच नये. ‘अनाडी’तली मिसेस डिसा विसरलात? डिसा, आपल्याकडचं आडनाव! मुंबईत खोली भाड्यानं देणारी ही ख्रिस्ती म्हातारी राज कपूरला उठताबसता झापते आणि पोटच्या पोरासारखी मायाही करते. रागावतानाही तिच्या आवाजात काळजी ऐकू येते. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर अशी एक शेजारीण होती. तोंडाची फटकळ, पण कुणाचं पोर तापानं फणफणलं की पेजेचं भांडं घेऊन दारात पहिली तीच. मिसेस डिसा पाहताना मला दरवेळी तीच दिसते. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, ते काही सासूपणासाठी नव्हे. ‘श्री ४२०’मधली केळेवाली गंगामाई आहे, ‘आनंद’मधली मेट्रन आहे. यांतली दुष्ट कोण?

राहिला डोळा. मंथरेचा डोळा तोच आणि मिसेस डिसाचाही तोच. डोळ्यानंच खलनायिका होत असती, तर त्याच डोळ्यातून माया कशी पाझरली? ‘प्रोफेसर’ बघा. घरभर धाक असलेली कडक आत्या म्हाताऱ्या मास्तरवर भाळते आणि चक्क लाजते. तो मास्तर म्हणजे वेषांतर केलेला शम्मी कपूर. आपण हसतो, तरी तिची कीव येते. असा तोल तालमीनं येतो.

आमच्याकडे जत्रेच्या नाटकात खलपात्र कुणाला द्यायचं यावर रात्र रात्र खल होतो, कारण ते पेललं नाही तर नाटक पडतं. हे ठाऊक असलेली माणसंच जेव्हा ‘बिचारीचा डोळा गेला म्हणून’ असं लिहून तो संदेश पुढे ढकलतात, तेव्हा वाईट वाटतं. पुढच्या वेळी आला, की त्याखाली मिसेस डिसाचा एखादा प्रसंग टाका.