व्हीगन पदार्थाचा हिशेब टेबलावर करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी तुमची प्रतिक्रिया नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. तुम्ही स्वतः रेस्टॉरंट चालवता. प्रत्येक रेस्टॉरंटने निदान दोन-तीन चांगले व्हीगन, म्हणजे मांस-मासेच नव्हे तर अंडी, दूध असं काहीच प्राणिजन्य नसलेले पदार्थ ठेवावेत, हे माझं म्हणणं तुम्हाला मान्य नाही. तुम्ही भाजलेल्या भाज्यांची एक व्हीगन प्लेट ठेवून पाहिलीत, दिवसाला जेमतेम एखाद-दुसरी गेली, आणलेला माल फेकावा लागला आणि शेवटी ती मेन्यूवरून काढलीत. मूठभर लोकांसाठी अख्खं किचन वेठीला धरता येत नाही, असं तुम्ही म्हणता. न्यूयॉर्कच्या ‘इलेव्हन मॅडिसन पार्क’लाही अखेर मांसाहाराकडे परतावं लागलं, हा तुमचा दाखला. आणि लोकांनी काय खावं हे शिकवणं रेस्टॉरंटचं काम नाही, हा शेवटचा आक्षेप.

शेवटच्या आक्षेपाबाबत आपलं एकमत आहे. जेवायला आलेल्या माणसाला उपदेश नको असतो. म्हणूनच मी मेन्यू बदला असं म्हणत नाही, मेन्यूत भर घाला असं म्हणते.

आता इलेव्हन मॅडिसन पार्क. तो दाखला तुम्ही दिलात हे बरंच झालं, कारण त्यातून निघणारा धडा तुम्ही काढलात त्यापेक्षा वेगळा आहे. तिथले शेफ डॅनियल हम यांनी जून 2021 मध्ये ते रेस्टॉरंट पुन्हा उघडलं तेव्हा सगळा मेन्यू वनस्पतिजन्य केला. 2022 मध्ये रेस्टॉरंटांना दर्जानुसार तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचे तीनही तारे कायम राहिले, म्हणजे चवीत आणि कारागिरीत ते कुठे कमी पडलं असं म्हणता येणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये हम यांनी जाहीर केलं की ऑक्टोबरपासून मांस आणि मासे पुन्हा मिळतील. त्यामागची जी कारणं त्यांनी सांगितली, त्यातलं एक मोठ्या गटांच्या जेवणांचं होतं. कंपनीच्या जेवणासाठी तीस माणसांना फक्त वनस्पतिजन्य जेवणाच्या ठिकाणी राजी करणं अवघड जातं. त्या तिसांतल्या प्रत्येकाचा विरोध असेल असं नाही. दोघं-तिघं नको म्हणाले की सगळं बुकिंग दुसरीकडे जातं. मात्र वनस्पतिजन्य मेन्यू त्यांनी बंद केलेला नाही. तो ठेवून त्याच्या जोडीला पर्याय दिले.

हीच गोष्ट उलट बाजूने तुमच्या रेस्टॉरंटला लागू होते. आठ जणांना एकत्र जेवायला जायचं आहे, त्यांत एक व्हीगन आहे. कुठे जायचं ते ठरवताना बाकीचे सात जण ‘तुला काय चालेल ते बघ’ म्हणतात आणि फोन तिच्या हातात देतात. ती तुमचा मेन्यू उघडते, वरपासून खालपर्यंत बघते, तिला साधं सॅलड आणि तळलेले बटाटे सोडून काही दिसत नाही, आणि ती पुढच्या रेस्टॉरंटचं पान उघडते. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. गेली ती एक प्लेट नाही, आठ माणसांचं बिल गेलं, आणि त्यातल्या सात जणांना तुमचे नेहमीचेच पदार्थ हवे होते.

तुम्ही पदार्थ काढलात तो खप बघून. पदार्थ किती खपतो आणि त्यावर किती पैसा सुटतो, या दोन मापांनी मेन्यूची छाननी करायची पद्धत मायकल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी 1982 मध्ये मांडली. आजही ती सगळीकडे वापरली जाते आणि ती चांगलीच आहे. पण ती मोजते ते आलेल्या गिऱ्हाइकांनी काय मागवलं ते. जे टेबल आलंच नाही त्याची नोंद कुठल्याच बिलबुकात नसते. म्हणून व्हीगन पदार्थाचा हिशेब प्लेटवर न करता टेबलावर करा. ज्या टेबलावर एक तरी व्हीगन प्लेट गेली, त्या टेबलाचं पूर्ण बिल महिनाभर वेगळं टिपून ठेवा. मग तो पदार्थ ठेवायचा की काढायचा ते ठरवा. हे करून झाल्यावरही तुमचा निर्णय तोच राहिला तर मी तो मान्य करीन.

आणि हा पदार्थ फक्त व्हीगन माणसंच मागवतील हे गृहीत धरू नका. जगातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. कोणाला अंड्याची अ‍ॅलर्जी असते, कोणाला धर्मामुळे अमुक मांस चालत नाही, कोणाला त्या दिवशी हलकं खायचं असतं. आणि पुष्कळांना फक्त काहीतरी चविष्ट खायचं असतं. या शेवटच्या मंडळींसाठी तुमच्या मेन्यूवर काय होतं? सगळ्यात शेवटी एक चौकट, वर ‘व्हीगन’ असं शीर्षक, आत भाजलेल्या भाज्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

केंब्रिज विद्यापीठातल्या कॉलेजांच्या कॅफेटेरियांमध्ये एमा गार्नेट आणि सहकाऱ्यांनी 94 हजारांहून जास्त जेवणांची विक्री तपासली. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. चारपैकी एकाऐवजी दोन पदार्थ शाकाहारी ठेवले तेव्हा शाकाहारी जेवणांची विक्री साधारण 41 ते 79 टक्क्यांनी वाढली, आणि एकूण विक्री फारशी हलली नाही. हा अभ्यास शाकाहारी पदार्थांचा आहे, निव्वळ व्हीगन पदार्थांचा नाही, तरी त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे : सगळ्यात जास्त फरक पडला तो एरवी शाकाहारी जेवण क्वचित घेणाऱ्यांमध्ये. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं, समोर पर्याय वाढले एवढंच.

नावाचंही तसंच. स्टॅनफर्डच्या एका कॅफेटेरियात 2016 मध्ये त्याच भाज्या, त्याच पद्धतीने शिजवून, रोज वेगळ्या धाटणीच्या नावांनी ठेवल्या. तोंडाला पाणी सुटेल अशा नावाने ठेवलेल्या भाज्या साध्या नावापेक्षा 25 टक्के जास्त लोकांनी घेतल्या, आणि ‘कमी साखरेचं’ छापाच्या पथ्याच्या नावापेक्षा 41 टक्के जास्त. म्हणून ती वेगळी चौकट काढून टाका. पदार्थ बाकीच्या पदार्थांच्या रांगेत बसवा, नावात त्याची चव येऊ द्या आणि शेजारी एक छोटी खूण करा. ज्याला खूण शोधायची आहे तो ती बरोबर शोधतो.

पण नाव बदलून फिका पदार्थ चवदार होत नाही. तुमच्या पदार्थात खरी अडचण काय होती ते तुम्हीच लिहिलं आहे : चीज आणि सॉस काढून उरलं ते व्हीगन म्हणून दिलं. वजाबाकीने केलेला पदार्थ असाच लागतो. मांस, लोणी, चीज यांच्याबरोबर चवीचा खोलपणा, स्निग्धपणा आणि पोट भरल्याचं समाधानही ताटातून जातं. ते परत आणण्याचं काम शेफचं आहे, आणि तुमच्या शेफला ते नक्की जमेल.

सुरुवात स्टॉकपासून, म्हणजे सूप आणि सॉसचा पाया असलेल्या पातळ रश्शापासून करा. मला वाटतं सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे, कारण एका भांड्यातला स्टॉक बदलला की सूप, सॉस, रिसोटो असे चार-पाच पदार्थ एका फटक्यात व्हीगन होऊ शकतात. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मश्रूम रात्रभर थंड पाण्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. कोंबूत उमामी, म्हणजे रश्शासारखी खोल, रेंगाळणारी चव देणारं ग्लुटामेट भरपूर असतं, 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ते त्यातूनच वेगळं काढलं होतं. वाळवलेल्या शिताकेत ती चव वाढवणारं ग्वानिलेट असतं. ही दोन एकत्र आली की उमामी चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, ती कितीतरी पटीने वाढते. सकाळी पातेलं मंद आचेवर ठेवा आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत कोंबू काढून घ्या, नाहीतर स्टॉक कडवट आणि बुळबुळीत होतो. शिताके राहू द्या. दुसरीकडे तेलात कांदे अगदी गडद तपकिरी होईपर्यंत परता, त्यात टोमॅटोची पेस्ट घाला आणि तिचा लाल रंग जाऊन विटकरी होईस्तोवर हलवत राहा. इथे घाई केली की कच्चट आंबटपणा राहतो. त्यावर स्टॉक ओता, मश्रूमचे देठ, सेलरी, मिरी घाला, तास-दीड तास मंद उकळा आणि गाळा. कोबी-फ्लॉवरचे दांडे मात्र यात टाकू नका, वास बिघडतो. मीठ शेवटी. हा स्टॉक आटवून सॉस केला तर मांसाहारी गिऱ्हाईकही बोट चाटेल.

स्निग्धपणासाठी भिजवलेल्या काजूंची गुळगुळीत पेस्ट, तिळाची पेस्ट, चांगलं ऑलिव्ह तेल. छोल्यांच्या डब्यातलं पाणी ओतून देऊ नका. फेटल्यावर ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं, हे जोएल रोसेल यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं, आणि त्यापासून उत्तम मेयोनीज होतं. प्रथिनांसाठी डाळी, कडधान्यं, टोफू पुरेसे आहेत. महागडे नकली मांसाचे गोळे आणायलाच हवेत असं मुळीच नाही. तुमचा माल वाया गेला त्याचं कारणही इथेच सापडेल. त्या एका प्लेटसाठी तुम्ही वेगळ्या भाज्या मागवत होतात. वाळलेले छोले, मसूर, मश्रूम महिनोन्महिने टिकतात. आणि जो जिन्नस किमान तीन पदार्थांत लागत नाही तो व्हीगन पदार्थासाठी म्हणून आणूच नका.

कॉफीचं थोडक्यात सांगते. ओटचं साधं दूध गरम आंबटसर कॉफीत फाटतं, म्हणून ‘बरिस्ता’ लिहिलेला डबा आणा. त्यात आम्लता सांभाळणारा क्षार आणि जरा जास्त स्निग्धांश असतो.

आता जिथे खरंच काळजी घ्यावी लागते ते. व्हीगन म्हणून दिलेल्या पदार्थात नकळत काय काय शिरतं याची यादी लांब आहे : ब्रेडवर चकाकीसाठी फिरवलेलं अंडं, वूस्टरशर सॉसमधले अँकोव्ही मासे, स्टॉकच्या वड्यांतली दुधाची भुकटी, ताज्या पास्त्यातली अंडी. काही वाइन गाळतानासुद्धा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात. पुरवठादाराकडून प्रत्येक तयार मालाची घटकांची यादी एकदा मागून घ्या आणि किचनमध्ये लावून ठेवा. तव्याचा आणि तळणीच्या तेलाचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत बर्गर किंगवर 2019 मध्ये दावा झाला तो याच कारणावरून, की वनस्पतिजन्य पॅटी मांसाच्याच ग्रिलवर भाजली जाते. कंपनीने वेगळ्या ग्रिलचं आश्वासन कधी दिलं नव्हतं, म्हणून कोर्टाने तो दावा काढून टाकला. वेगळा तवा ठेवणं परवडत नसेल तर ठेवू नका, पण मेन्यूवर तसं स्पष्ट लिहा. बरेच व्हीगन लोक ते समजून घेतात. लपवलेलं मात्र कोणी विसरत नाही.

आणि तुमच्या वेटरना एक गोष्ट पक्की शिकवा : व्हीगन म्हणजे अ‍ॅलर्जीसाठी सुरक्षित नव्हे. युरोपात ज्या 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यातले प्राणिजन्य फक्त पाच : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग आणि शिंपले वर्ग. काजू, सोया, तीळ, गहू, मोहरी, सेलरी हे सगळे उरलेल्यांत येतात, म्हणजे मी वर सुचवलेल्या जिनसांपैकी बरेच. उलटं म्हणजे, दुधाची जीवघेणी अ‍ॅलर्जी असलेला माणूस ‘व्हीगन’ ही खूण बघून निर्धास्त होतो आणि तुमच्या तव्यावर आधी लोणी वितळलेलं असतं. ‘हे मला चालेल का?’ असं कोणी विचारलं की वेटरने अंदाजाने ‘हो’ म्हणायचं नाही, आत जाऊन विचारून यायचं. यात हयगय नको.

तुम्ही विचारलंत की मला याचा एवढा जिव्हाळा का. धंद्याचं गणित मी वर मांडलं, पण माझं कारण त्याहून मोठं आहे आणि ते मी लपवणार नाही. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी 119 देशांतल्या सुमारे 38 हजार 700 शेतांची आकडेवारी एकत्र करून 2018 मध्ये दाखवलं, की माणसांच्या आहारातून प्राणिजन्य पदार्थ पूर्ण वगळले तर अन्नासाठी लागणारी जमीन 76 टक्क्यांनी कमी होईल. सगळं जग तसं करणार नाही, मला ठाऊक आहे. पण आठवड्यातलं एखादं जेवण वनस्पतिजन्य व्हायचं असेल तर ते चवीमुळेच होईल, आणि चव माणसाला घरापेक्षा बाहेर जेवताना जास्त वेळा नव्याने सापडते. एका चांगल्या शेफच्या हातून जे होईल ते माझ्या शंभर लेखांनी होणार नाही, म्हणून तुमच्यासारख्यांशी वाद घालायला मला आवडतं.

सध्या नवा पदार्थ आणू नका. आहे तो मेन्यू घेऊन शेफबरोबर बसा आणि एका जिनसाच्या फरकाने व्हीगन होतील अशा पदार्थांवर खूण करा. मला वाटतं तीन-चार तरी निघतील. सूप आणि सॉससाठी सध्या कोणता स्टॉक वापरता आणि ब्रेड कुठला घेता, तेवढं इथेच खाली लिहा. तुमच्या मेन्यूत नेमकं कुठून सुरू करावं हे मग पदार्थागणिक बोलता येईल.