गाडी नुसती उभी होती, मग तपासणी कशाला?

वर्षानुवर्षे नोंदणीबाहेर पडून असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर कागदपत्रं, थकलेला कर आणि विमा एवढं पुरे, सुरक्षा तपासणीची सक्ती नको, असा एक मजकूर बराच फिरतोय. त्यातली कारणं अशी: गाडी चाललीच नाही, मग झिजणार काय? अपघातांत गाडीचा दोष जेमतेम 2 टक्के असतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने तर तपासणी बंदच केली. मालकाला स्वतःचा जीव प्यारा असतोच. आणि तपासणी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. मला जुन्या गाड्यांचं प्रेम आहे. त्या भंगारात जाण्यापेक्षा रस्त्यावर याव्यात असंच मला वाटतं. म्हणूनच हा मजकूर उत्तराविना पुढे जाऊ नये.

पहिल्या मुद्द्यावर बाकी सगळे मुद्दे उभे आहेत, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. चालून होणारी झीज वेगळी, पडून होणारी वेगळी. ब्रेक ऑइल घ्या. ते ओलावा शोषतं, गाडी उभी असली तरी. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 155 अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो आणि पेडल सरळ तळाला टेकतं. तेच पाणी आतून कॅलिपरचा (चाकाशी ब्रेक दाबून धरणाऱ्या भागाचा) पिस्टन आणि ब्रेकच्या नळ्या गंजवतं. ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज जुना झाला की आतून फुगतो, मग पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. दारासमोर गाडी पुढेमागे करून यातलं काहीही कळत नाही. नवी बॅटरी टाकली, सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं, की मालकाला वाटतं गाडी ठणठणीत आहे.

टायर याहून फसवे. इंग्लंडच्या सरे परगण्यात सप्टेंबर 2012 मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर आदळली आणि तिघांचा जीव गेला. तो टायर 19 वर्षांचा होता. नक्षी मात्र कायद्याला चालेल एवढी शिल्लक होती, आणि टायरच्या वयाबद्दल तेव्हा कायद्यात काहीच नव्हतं. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना 10 वर्षांपेक्षा जुने टायर लावायला बंदी आली. ही बस वापरातली होती, पडून राहिलेली नव्हती, हे मान्य. पण रबर वयाने मरतं आणि मरताना वरून धडधाकट दिसू शकतं, एवढं या घटनेतून कळायला हवं. पडून असलेल्या गाडीचे टायर बहुधा गाडी उभी केली तेव्हाचेच असतात, आणि सगळा भार वर्षानुवर्षे एकाच जागी पेलत असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: 2312 म्हणजे 2012 सालचा तेविसावा आठवडा. ते वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण वाचायचं असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं.

पत्र्याचं थोडक्यात सांगतो. बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालचा पत्रा आणि गालिच्याखालचा तळ ओलाव्याने आतून सडतो. वर रंग शाबूत असतो, त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय हे दिसत नाही.

आता ते 2 टक्के. आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2005 ते 2007 या काळातल्या 5,470 अपघातांचा अभ्यास केला. त्यात निर्णायक कारण 94 टक्के वेळा चालकाकडे आणि सुमारे 2 टक्के वेळा वाहनाकडे नोंदवलं गेलं. पण निर्णायक कारण म्हणजे अपघाताआधीच्या घटनांच्या साखळीतली शेवटची कडी. त्याला अपघाताचं कारण समजू नये किंवा त्यावरून दोष देऊ नये, असं अहवालातच लिहिलंय. शिवाय वाहनातले दोष केवळ बाहेरून पाहून टिपले होते. ब्रेकच्या नळीच्या आतला गंज त्यात कुठून येणार? त्याच पाहणीतली टायरची माहिती वेगळी काढली, तेव्हा सुमारे 9 टक्के अपघातांत निदान एका वाहनाच्या टायरमध्ये अपघाताआधीच काही बिघाड होता, असं आढळलं. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हा सगळा अभ्यास नेहमीच्या वाहतुकीचा. त्या गाड्या रोज चालणाऱ्या, सर्व्हिसिंगला जाणाऱ्या. दहा वर्षं ताडपत्रीखाली पडलेल्या गाडीबद्दल त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

टेक्सासच्या उदाहरणातही हीच गल्लत आहे. 1 जानेवारी 2025 पासून तिथे बंद झाली ती खासगी वाहनांची दरवर्षीची सुरक्षा तपासणी. चालत्या गाडीला दरवर्षी तपासणी हवी की नको, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मोठ्या खंडानंतर एकदाच होणारी तपासणी हा वेगळा प्रश्न आहे, आणि वार्षिक तपासणीला विरोध करणाऱ्यालाही ती मान्य होऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात हा फरक नियमांतच केलाय. नोंदणी संपून तीन महिने उलटले की नेहमीची तपासणी पुरत नाही, ब्लू स्लिप नावाची अधिक कसून केलेली तपासणी लागते. तीत गाडीची ओळखही पडताळतात, म्हणजे चासी नंबर तोच आहे ना, गाडी चोरीची तर नाही ना. (तपासणी बंद झाली म्हणजे पैसे वाचले, असंही नाही. टेक्सासमध्ये तिच्या जागी साडेसात डॉलरचं वार्षिक शुल्क चालू आहे.)

मालक काळजी घेतोच, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं असेल. पण गाडी उभी केली तो मालक आणि पुन्हा नोंदणी करणारा मालक पुष्कळदा एकच नसतात. दुसऱ्याने ती स्वस्तात घेतलेली असते आणि मधल्या वर्षांत ती पुरात बुडाली होती का, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय रिकॉलची, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावल्याची, पत्रं साधारणपणे नोंदणीतल्या पत्त्यावर जातात. टकाटा कंपनीच्या एअरबॅग फुगवणारं अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्णता आणि दमटपणामुळे वर्षागणिक बिघडत गेलं. अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे अंगात घुसून माणसं दगावली. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) परत मागवले गेले. त्या काळात नोंदणीबाहेर असलेल्या गाडीच्या मालकापर्यंत ते पत्र पोहोचणार कसं? तो कितीही काळजी घेणारा असो, जे माहीतच नाही त्याची काळजी घेता येत नाही. आणि ब्रेक लागले नाहीत तर जीव त्याच्या एकट्याचा जात नाही.

पैसे उकळण्याची तक्रार मात्र मी झटकणार नाही. तपासणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असेल तर नसलेले दोष निघण्याची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे ही दोन कामं वेगळी ठेवणं. जर्मनीत ट्यूव्ह आणि डेक्रासारख्या तपासणी संस्थांकडे दुरुस्तीचं कामच नसतं. तपासणीही मोजक्या गोष्टींची असावी: ब्रेक, टायरचं वय, स्टिअरिंग, तळाचा पत्रा, इंधनाच्या नळ्या, दिवे, सीटबेल्ट आणि बाकी राहिलेले रिकॉल. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीकडून आजच्या गाडीची मानकं मागू नयेत; ती बनली तेव्हाच्या मानकांनीच तिला तोलावं. नापास झाली तर दोषांची यादी लेखी मिळावी आणि फेरतपासणी त्या दोषांपुरतीच व्हावी. नोंदणी नाही म्हणून तपासणीला नेता येत नाही आणि तपासणी नाही म्हणून नोंदणी होत नाही, या कात्रीत मालक सापडू नये. ब्रिटनमध्ये रस्त्याबाहेर ठेवल्याची नोंद केलेली गाडी, विमा असेल तर, आधी वेळ ठरवलेल्या तपासणीला चालवत नेता येते. ब्रेकचा भरवसा नसेल, तर टोचन करून न्यावी.