मान्य करा, नाहीतर मान्य करा

परभणीला विमानतळ नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांनीही ही गोष्ट कधी मनाला लावून घेतलेली नाही. विमान गाठायचं तर एकीकडं नांदेड, दुसरीकडं संभाजीनगरचं चिकलठाणा. आणि कुठलं विमान कधी सुरू झालं नि कधी बंद पडलं हे आम्हाला पेपरातनंच कळतं. त्यामुळं आमच्याकडं विमानानं जाणारा माणूस आधी जिंतूर, मंठा, वाटूर, जालना करत हाडं खिळखिळी करून घेतो आणि मग आकाशात जातो. एवढी तयारी ज्यानं केली त्याला विमानवाल्यांनी निदान वेळेचा शब्द तरी पाळून दाखवावा, असं मला वाटायचं.

मेव्हण्यानं बंगळुरूत फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा निघाला. सकाळी १०.२०. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मत पहिल्यापासून रेल्वेचं. नांदेड-बंगळुरू गाडी आपल्या स्टेशनावरून जाते, परळी, उदगीर, बिदर करत थेट नेऊन सोडते; दशम्या बांधून घ्यायच्या, झोपायचं, उठायचं, पुन्हा झोपायचं. पण मामींचे गुडघे वरच्या बर्थला नाही म्हणतात आणि दिवाळीनंतरची वेटिंग लिस्ट कुठल्याच बर्थला हो म्हणत नाही. वर मेव्हण्याचा आग्रह, ‘दाजी, आईला एकदा विमानात बसवाच.’ म्हणून श्रावणातच एका पोर्टलवर चौघांची तिकिटं काढली. संभाजीनगरहून संध्याकाळी ५.१०, मुंबईहून पुढं रात्री ९. दोन विमानं दोन वेगळ्या कंपन्यांची, पण पोर्टलनं ती एकाच रंगीत चौकटीत अशी शेजारी शेजारी बसवली होती की ती एकमेकांना ओळखत असतील असं कोणालाही वाटावं. मधे सामान घ्यायला, टर्मिनल बदलायला, मामींसाठी सरकता जिना सोडून लिफ्ट शोधायला भरपूर वेळ. प्रत्येक माणशी सुविधा शुल्क लागलं. तिकीट रद्द केलं तरी हे शुल्क परत मिळत नाही, कारण सुविधा तोवर झालेली असते.

विमानवाल्यांचं वर्ष दोन वेळापत्रकांत वाटलेलं असतं, हे मला तोवर माहीत असायचं कारण नव्हतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिकिटं मात्र महिनोन् महिने आधी विकायला काढलेली असतात. म्हणजे श्रावणात आपण जे विकत घेतो ती विमानाची वेळ नसते, वेळेबद्दलची एक सदिच्छा असते. त्यात मुंबईच्या धावपट्ट्या दोन असल्या तरी एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच चालते. तिथं मोठ्या शहरांची पंगत उठल्यावर जी जागा उरते ती संभाजीनगरच्या वाट्याला येते, असा माझा दाट संशय आहे.

दिवाळीच्या फराळात पहिला मेल आला. ‘प्रिय ग्राहक, आपल्या विमानाच्या वेळेत किरकोळ बदल झाला आहे.’ ५.१० चं विमान आता रात्री ८.३५ ला सुटणार होतं. सव्वातीन तासांच्या वर काटा गेला तरी ज्याला तो किरकोळ वाटतो, त्याच्या घरी जेवायला जाऊ नये. खाली दोन बटणं होती. एकावर ‘मान्य’, दुसऱ्यावर ‘नंतर मान्य करेन’.

त्याच रात्री दुसरा मेल. ‘किरकोळ बदल’ पुन्हा. मुंबईहून रात्री ९ चं विमान अलीकडं येऊन ८.२० ला सुटणार.

बायकोनं दोन्ही मेल समोर ठेवून हिशेब केला. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण तिनंही तो पुन्हा करून पाहिला. आम्ही चिकलठाण्याहून उडायच्या पंधरा मिनिटं आधी आमचंच दुसरं विमान मुंबईहून बंगळुरूला निघणार होतं. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मंग आपुन कशात बसलेलो असणार?’ या प्रश्नाचं उत्तर पुढं कोणत्याही कस्टमर केअरला देता आलं नाही.

पोर्टलच्या ॲपवर आधी एक आभासी मुलगी भेटते. ती नमस्कार करते, तुमचं नाव घेते आणि विचारते, ‘तुम्हाला गोव्याची सहल बघायची आहे का?’ तिला ओलांडून पुढं गेलं की गाणं लागतं. गाण्याच्या पलीकडं एक मुलगा असतो. ‘सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ,’ एवढं तो मनापासून म्हणतो. परेशानी समजून घेतल्यावर त्यानं सांगितलं की वेळ कंपनीनं बदलली आहे, तर कंपनीशी बोला. पहिली कंपनी म्हणाली, आमचं विमान तर व्यवस्थित निघतंय, पुढच्या विमानाचं आम्हाला काय माहीत; आणि तारीख-वेळ बदलायची तर तिकीट ज्यांच्याकडनं काढलं त्यांनाच सांगा. दुसरी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत तर ‘नो-शो’ लागेल. नो-शो झालो तर विमानतळाची फी आणि सरकारी कर तेवढे परत मिळतात, मूळ भाडं बुडतं, ही माहिती तिनं न विचारता दिली. पोर्टलला पुन्हा फोन केला तर मुलगा दुसरा, परेशानी समजणं तेच.

आमच्याकडं सोयरीक जुळवणारे मध्यस्थ असतात. पोरगं कसं, शेत किती, पाणी कुठलं, सगळं ते छातीवर हात ठेवून सांगतात आणि अक्षता पडल्या की त्यांचा फोन लागत नाही. पण त्यातल्या कुठल्याही मध्यस्थानं नवरीच्या बापाच्या जागी स्वतःचा पत्ता लिहिलेला मी ऐकला नव्हता. पोर्टलनं ते केलं होतं. झालं असं, की तिकिटाच्या मेलमधे अगदी तळाला, बारीक अक्षरांत कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर असतो. तो आणि आडनाव टाकलं की कंपनीच्या साइटवर आपलं तिकीट उघडतं. तिथं प्रवाशांची नावं आमची, वयं आमची, मामींसाठी मागितलेली व्हीलचेअरसुद्धा आमची. ‘संपर्क’ या रकान्यात मात्र फुल्या फुल्या आणि शेवटी दोन आकडे, आणि ते माझ्या नंबरचे नव्हते. ईमेलचंही तेच. कंपनीनं कळवायचं ते इमानदारीत कळवलं होतं, फक्त आम्हाला नाही. ते कोण्या पोर्टलच्या पेटीत पडलं आणि तिथनं त्यांना सवड झाली तेव्हा, म्हणजे चकल्या तळायच्या वेळेला, आमच्याकडं आलं.

मेव्हणा आयटीतला असल्यामुळं त्यानं रात्री जागून नियम काढले. फोनवर वाचून दाखवायला लागला, ‘दाजी, डीजीसीएचं, म्हणजे विमानवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, म्हणणं असं आहे की विमान रद्द करायचं असेल तर दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे द्यावे लागतात. त्याहून उशिरा कळवलं तर ठरल्या वेळेच्या दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान, नाहीतर पैसे. कळवलंच नाही तर प्रवासाच्या लांबीप्रमाणं ५, साडेसात, १० हजारांपर्यंत भरपाईसुद्धा आहे.’ मी उठून बसलो. ‘पण,’ तो म्हणाला. नियम वाचणाऱ्याच्या तोंडून ‘पण’ आलं की आपण पुन्हा आडवं व्हावं. ‘पण प्रवाशानं बुकिंगच्या वेळी संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल तर भरपाई मिळत नाही. आणि दाजी, आपलं विमान तर रद्द झालंच नाही.’

खरं होतं. रद्द कोणीच केलं नव्हतं. दोन्ही विमानं धडधाकट होती, दोन्हीत आमच्या जागा पक्क्या होत्या, फक्त आम्ही एकाच वेळी दोन्हीत बसावं अशी अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं डोकं चालवलं. तिच्या फोनवर पोर्टल, माझ्या फोनवर कंपनी, दोन्ही स्पीकरवर टाकून ताटाएवढ्या टेबलावर समोरासमोर ठेवले. ‘तुम्ही त्यांच्याशी बोला म्हणता ना, हे घ्या, बोला.’ पोर्टलचा मुलगा म्हणाला, ‘एक मिनिट होल्ड कीजिए.’ कंपनीची मुलगी म्हणाली, ‘प्लीज स्टे ऑन द लाइन.’ आणि मग एका फोनमधनं सनई नि दुसऱ्यातनं गिटार, अशी दोन्ही गाणी एकमेकांना ऐकवली जाऊ लागली. मामी शेवया घेऊन आल्या, बराच वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जावईबापू, हे दोघं एकमेकांला ओळखतेत का?’ तेवढ्यात सनई तुटली. गिटार एकटीच वाजत राहिली आणि बॅलन्सबरोबर चार्जिंगही घेऊन गेली.

शेवटी मेव्हण्यानं केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. त्यात त्यानं एक वाक्य माझ्या सांगण्यावरून घातलं: ‘आम्ही नेमके कशात बसावे, हे कृपया कळवावे.’ एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देण्याची जबाबदारी नियमानं कंपनीचीच, कारण एजंट तिचा प्रतिनिधी धरला जातो, हेही त्यानं कलमासकट लिहिलं. आयटीवाल्यांना भांडता येत नाही, पण जोडपत्रं छान लावता येतात.

आणि कंपनीचा फोन आला. बाई आधी इंग्रजीत, मग हिंदीत बोलत होत्या. पत्ता वाचताना थांबल्या. ‘परभणी? म्हणजे आपली परभणी?’ त्यांचं माहेर सेलूचं निघालं. मग पाच मिनिटं आम्ही विमानाचं काहीच बोललो नाही. या वर्षी कापसाचं काय झालं, मानवत रोडला आता कुठली गाडी थांबते, हे सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘काका, वेळ आमच्याकडून बदललीय, तर एकदा फुकट बदल मिळतो. पोर्टलची वाट कामून बघायलाव? मी इथनंच करते.’ त्यांनी संध्याकाळचं विमान काढून सकाळचं घातलं आणि फुल्यांच्या जागी माझा नंबर लिहिला. जे काम गाण्यांच्या दोन आवर्तनांत झालं नव्हतं ते बोलता बोलता झालं. नियम दोन्ही वेळेला तोच होता, हे मला अजून पचलेलं नाही.

सकाळचं विमान म्हणजे परभणीहून मध्यरात्री निघणं. गाडीवाल्यानं वाटूर फाट्यावर चहा घेतला, मामांनी तिथंही रेल्वेचा विषय काढला. मुंबईत उतरलो तेव्हा पुढच्या विमानाला अख्खा दिवस होता, म्हणून सामानासकट बायकोच्या अंधेरीच्या मावसबहिणीकडं गेलो. मामींना विमान आवडलं. ‘यष्टीपरीस बरंय, धक्के कमी,’ एवढं त्यांनी प्रशस्तिपत्र दिलं आणि पाय वर घेऊन झोपल्या.

दुपारी माझा फोन वाजला. पोर्टल. ‘आपल्या प्रवासाचा दिवस उजाडला! चिकलठाण्याला निघालात का? ओळखपत्र सोबत ठेवा.’ कंपनीनं परस्पर केलेला बदल त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. त्यांच्या लेखी आम्ही अजून परभणीतच होतो, पिशव्या भरत. थोड्या वेळानं पुन्हा: ‘रस्त्यात गर्दी असू शकते, लवकर निघा.’ मावसमेव्हण्यानं श्रीखंड वाढलं. साडेपाचच्या सुमाराला आम्ही खरोखरीच्या विमानासाठी रिक्षा शोधत होतो, तेव्हा तिसरा मेसेज आला. ‘आपलं संभाजीनगर-मुंबई विमान आज ४० मिनिटं उशिरा सुटेल. हा किरकोळ बदल आपल्याला मान्य आहे का?’

मी फोन खिशात टाकणार, तेवढ्यात मामांनी चष्मा कपाळावर ढकलून तो हातात घेतला. ‘दाबा की मान्य. बिचारं सकाळपासून इचारायलंय.’ आणि दाबलंसुद्धा. हिरवी खूण आली, धन्यवाद आलं, पाठोपाठ आणखी एक मेसेज आला. या वेळापत्रकानुसार आपलं पुढचं बंगळुरूचं विमान चुकण्याची शक्यता आहे, तरी आज रात्रीसाठी मुंबईत हॉटेल दाखवू का?