मोतिया पैठणीवरच्या कॉफीच्या डागाबद्दल

ताई, नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज आमचं ड्रायक्लीनचं दुकान उघडल्या उघडल्या फेब्रुवारीचं पावतीपुस्तक काढून बघितलं. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे. आईंची मोतिया पैठणी, लग्नात कॉफी सांडलेली. "डाग 100 टक्के निघेल" असं काउंटरवर सांगून आम्ही 600 रुपये घेतले. साडी घरी नेली तेव्हा स्वच्छ होती, आणि दोन महिन्यांनी घडी उघडली तर त्याच जागी पिवळट तपकिरी डाग. तुम्ही फोन केलात तर "आमच्याकडून गेली तेव्हा डाग नव्हता" हे उत्तर मिळालं. ते उत्तर वाचून मला फार वाईट वाटलं. तुमची आणि आईंची मनापासून माफी मागतो.

चूक आमची कुठे झाली ते सांगतो. तुमच्या फोटोत डागाची कड गडद आहे आणि मधला भाग फिकट. हा नुसत्या कॉफीचा डाग नाही, हा दूध-साखरेच्या कॉफीतल्या साखरेचा डाग आहे. साखरेचं पाणी सुकताना कडेकडे सरकतं आणि तिथे बसतं. सुकल्यावर ते डोळ्यांना दिसत नाही. पण वरून इस्त्रीची गरम वाफ लागली आणि साडी कपाटात पडून राहिली की तीच साखर हळूहळू पिवळी पडते. म्हणजे साडी तुमच्या हातात दिली तेव्हा डाग दिसत नव्हता, पण तो साडीतच होता.

ड्रायक्लीनच्या द्रावणात तूप, तेल, लिपस्टिक निघतं. साखर आणि कॉफीचा रंग त्यात निघत नाही, त्यांना पाणीच लागतं. म्हणून मशीनमध्ये टाकण्याआधी डागाखाली टीपकागद ठेवून, उलट्या बाजूने, थेंब थेंब गार पाणी आणि सौम्य लिक्विड डिटर्जंट वापरून तेवढ्या जागेतला डाग हाताने काढावा लागतो. तपकिरी छटा उरली तर पातळ केलेलं व्हिनेगर, तेही आधी आतल्या निरीच्या कोपऱ्यावर रंग सुटतो का ते बघून. आमच्या पावतीवर फक्त "कॉफी" लिहिलंय. दूध होतं का, साखर होती का, घरी काय लावलं होतं, यातलं काहीच विचारलेलं नाही. कारागिराने वरवरचा रंग काढला आणि साडी पुढे गेली. विचारायचं काम आमचं होतं.

हॉलवर घाईत गरम पाणी आणि हात धुवायचा साबण लावून पुसल्याचं तुम्ही लिहिलंय. तुमच्या जागी कोणीही तेच केलं असतं. पण गरम पाण्याने दुधाचा अंश धाग्यात घट्ट बसतो, आणि साबणाच्या वडीने कॉफीचा रंग पक्का होतो. अशा वेळी कोरड्या सुती रुमालाने नुसतं टिपून घ्यावं, घासू नये. घासल्याने रेशमाचे तंतू फुटतात आणि तिथली चमक जाते. फोटोत डागाच्या डाव्या बाजूला बोटभर जागा निस्तेज दिसते, ती अशीच गेलेली आहे. ती चमक मला परत आणता येणार नाही, आणि तसं खोटं आश्वासन आता देणार नाही.

"साधं ब्लीच लावलं असतं तरी निघाला असता" असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र कृपा करून घरी करू नका. पांढऱ्या सुती कपड्यांना लावतो ते क्लोरीनचं ब्लीच रेशीम खातं. आधी पिवळं पडतं, मग धागाच विरतो. एंझाइमची पावडरही नको, कारण दुधाच्या प्रथिनांवर चालते तशी ती रेशमावरही चालते. आईंच्या पैठणीचा काठ जरीचा आहे आणि डाग काठापासून चार बोटांवर आहे, त्यामुळे मला स्वतःलाही फार जपून हात घालावा लागेल.

साडी परत आणाल का? हे काम मी स्वतः करीन, एक पैसा घेणार नाही. पिवळेपणा बराच उतरेल असं फोटोवरून वाटतं. अगदी पुसट छटा राहू शकते, ते साडी उजेडात धरल्याशिवाय सांगता येणार नाही. रेशमाला धोका आहे असं दिसलं तर तिथेच थांबेन आणि तुम्हाला फोन करीन. तोवर इस्त्री करू नका, ओला हात लावू नका, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळून ठेवा. मी सोमवार सोडून रोज सकाळी 10 ते 1 काउंटरवर असतो. तुमचे 600 रुपये पाकिटात घालून पावतीला टाचून ठेवले आहेत. साडी द्यायची नसेल तरी तेवढे घेऊन जा.