'सोपं म्हणजे खोटं' म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

विद्यापीठातल्या संशोधकांनी आपलं काम मराठीत, सामान्य माणसासाठी लिहावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'घरबसल्या फुकटचे सल्ले', 'टाळ्यांसाठी विज्ञान', वर 'प्रयोगशाळेचं तोंड तरी पाहिलंय का?' टोमणे भरपूर, सही मात्र 'एक प्राध्यापक'. विद्यार्थ्यांच्या प्रबंधावरही असेच निनावी शेरे मारता का हो? संशोधकांचे मजकूर शेतकऱ्यांसाठी नीट करून देणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे प्रयोगशाळेचं तोंड काय आणि पाठ काय, दोन्ही पाहून झालंय.

लेखाचं शीर्षक भडक होतं, हे मान्य. बदलतो.

आता तुमचं ते वाक्य: 'सोपं लिहायचं म्हणजे अटी गाळायच्या, आणि अटी गाळल्या की ते खोटंच.' यातलं दुसरं अर्धं बरोबर आहे. पहिलं कुठून आणलंत?

कापसाची बोंडं आतून पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीचंच घ्या, आपल्या खानदेशात चोपडा-शिरपूरकडे कापूसवाल्याला ती नव्याने सांगायला नको. शिफारस अशी: हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे या अळीचे पतंग गंधाने ओढून पकडणारे, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावायचे. सलग 3 रात्री दर सापळ्यात सरासरी 8 पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे आता फवारणीचा खर्च परवडतो. याचं छापून काय येतं? 'सापळ्यात पतंग दिसताच फवारणी करा.' मग दोन पतंगांवर पंप निघतो, पैसे जातात, मित्रकीटक मरतात आणि पुढे पांढरी माशी बोकाळते. हे सोपं लेखन नव्हे सर, हे वाईट लेखन आहे. सोपं असं असतं: 'रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजा आणि काढून टाका, नाहीतर कालचे आज पुन्हा मोजले जातील. ओळीने तीन रात्री सापळ्यामागे सरासरी आठ पतंग भरले, तरच औषधाचा विचार करा.' यात कुठली अट गळाली ते दाखवा.

आणि नुसते सापळेही पुरत नाहीत, तेही याच भाषेत सांगता येतं. सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आमिषाच्या गोळीला, मादीचा गंध असतो, म्हणून त्यात फक्त नर येतात. पतंग उडायला लागले एवढं सापळा सांगतो. बोंडात अळ्या किती, ते नाही. त्यासाठी शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडायची आणि फोडायची. बाहेरून बोंड चकचकीत दिसतं, कारण बारकी अळी आत शिरते ते छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. आत मात्र सरकी पोखरलेली आणि कोवळी रुई डागाळलेली. 20 पैकी 2 बोंडांत जिवंत अळी सापडली, की उपाय करायची वेळ झाली. तुमच्या निबंधात हेच '10 टक्के प्रादुर्भाव' म्हणून येतं. आकडा तोच, फक्त '20 त 2' बांधावर उभ्या माणसाला हाताने मोजता येतो. अळी आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ही धावपळ आधी करायची. लेखात हे तिसऱ्या वाक्यात यायला हवं, तुम्ही लोक ते चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात पुरता.

मापांचं तर विचारूच नका. हेक्टरी 5 म्हणजे एकरी 2, इतकं तरी लिहा. 1500 पीपीएमचं (दहा लाख भागांत 1500 भाग मूळ औषध) निंबोळीचं औषध 10 लिटर पाण्याला 50 मिली, असं तुम्ही लिहून मोकळे होता. पाठीवरचा पंप 15 लिटरचा असेल तर 75 मिली लागतं. हा हिशेब तुम्ही केला नाही, तर कृषी केंद्रवाला करतो: 'टाका दोन झाकणं.' आणि झाकण प्रत्येक बाटलीचं वेगळं.

प्रयोग कुठल्या शेतावर झाला, हीसुद्धा अटच. आपल्याकडे पाणी असलेला माणूस मे महिन्यातच कापूस लावतो. तो लवकर फुलतो आणि पहिल्या पिढीच्या पतंगांना आयती फुलं-पात्या (कळ्या) मिळतात. पावसावर पेरलेल्या कोरडवाहू प्लॉटचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लागू नाही, हे सांगायला एक वाक्य पुरतं. ते एक वाक्य मराठीत लिहायचा कंटाळा येतो, म्हणून 'अचूकते'चा बुरखा पांघरायचा, असं मला तरी दिसतं. राग आला तर येऊ द्या.

बाकीचं किरकोळ आहे. वेळ नाही? प्रतिक्रिया लिहायला मिळाला की. पदोन्नतीत गुण मिळत नाहीत, हे गाऱ्हाणं कुलसचिवांच्या दारात न्या, माझ्या नको. आणि 'वाचणार कोण?' तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत ना!

पुढच्या वेळी नावानिशी लिहा आणि सोबत तुमच्या एखाद्या शोधनिबंधाचा गोषवारा पाठवा. एकही अट न गाळता दोनशे शब्दांत मराठीत करून इथेच टाकतो. फक्त त्यातलं काम तुमचं स्वतःचं असू द्या, विद्यार्थ्याचं नको.