बोथट पात्याने गवत कापून दाखवा!

महोदय,

इंग्लंडमधल्या जुन्या मनोरुग्णालयांच्या शेतांवरच्या अवजारांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया: ‘वेड्यांच्या हातात धारेचं हत्यार कोण देईल? बोथटच देत असणार. लेखकाने शेत तरी पाहिलंय का?’ शेवटचं वाक्य गाळलं असतंत तरी शंका पोचली असती. वीस वर्षं जुन्या अवजारांना दांडे बसवतोय, एवढंच सांगतो. आणि ‘वेडे’ हा शब्द तुम्हाला खटकला नाही, याचीही नोंद घेतो.

एक चूक कबूल. ‘साइद’ला, म्हणजे लांब दांड्याच्या गवत कापायच्या अवजाराला, मी नुसतं ‘विळा’ म्हटलं. आपला विळा बसून चालवायचा. हे उभ्याने, दोन्ही हातांनी, कमरेतून वळत. पातं जवळजवळ तीन फुटी.

आता बोथटपणा. धार असली की पातं जमिनीलगत सरकतं आणि गवत बुडातून सुटतं. पहाटे दवात कापतात तेही त्यासाठीच, ओलं गवत पात्यापुढे उभं राहतं. धार गेली की गवत नुसतं लवतं. मग माणूस खांद्यातून हिसके मारतो, टोक मातीत रुततं नाहीतर दगडावर आपटून उसळतं. पोटरी कापली जाते ती अशी! म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी पात्यावर धारेचा दगड फिरवायचा: बुडाकडून टोकाकडे, एकदा या अंगाने, एकदा त्या. इंग्रजी पातं कडक, ते सहाणेच्या चाकावर घासतात. ऑस्ट्रियन पातं मऊ, ते ऐरणीवर ठोकून पातळ करतात. इंग्रजी पातं तसं ठोकायला जाल तर कड तडकेल.

डॉक्टर विल्यम एलिस यांनी १८१८ पासून वेकफील्डच्या आणि १८३१ पासून हॅनवेलच्या मनोरुग्णालयात रुग्णांना शेत-बागेच्या कामाला लावलं. हॅनवेलला रुग्णांना बांधायच्या पट्टे-साखळ्या पूर्ण बंद केल्या तिथले डॉक्टर जॉन कोनोली यांनी, १८३९ मध्ये. म्हणजे हातात अवजार आधी आलं, साखळी नंतर सुटली. हे तुमच्या ‘कोण देईल’मध्ये कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

‘फुकट राबवलं’ म्हणता. पगार नव्हता, जादा बिअर, तंबाखू मिळे. माझा लेख अवजारांवर होता.

स्पेडचा, म्हणजे पायाने रेटायच्या सरळ फावड्याचा दांडा ॲश झाडाच्या लाकडाचाच का, असंही विचारलंत. माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे, वाचलं असतंत तर: तंतू लांब आणि सरळ, त्यामुळे झटका पचतो. तो मोडतो पात्यापासून दांड्यावर आलेल्या लोखंडी पट्ट्या संपतात तिथे, कारण पाणी तिथेच मुरतं. तिथे जवसाचं तेल चोळायचं.