‘माहीत नाही’ म्हटल्यावर पुढे काय बोलावे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘जे येत नाही ते येत नाही असे स्पष्ट सांगावे’ हा मुलाखतीवरील लेखातला माझा सल्ला आपल्या भाच्याने शब्दशः पाळला. लोअर परळच्या एका कार्यालयात ‘जीएसटीआर-२ए आणि २बी यांत फरक काय?’ या, खरेदीवरील जीएसटीच्या दोन विवरणांबद्दलच्या प्रश्नावर ‘माहीत नाही’ एवढेच सांगून तो गप्प बसला आणि त्याची निवड झाली नाही, असे आपण कळवले आहे. ‘टेबलाच्या पलीकडे बसून प्रामाणिकपणाचे सल्ले देणे सोपे असते’ हे आपले वाक्य मला लागले, कारण माझा सल्ला खरोखरच अर्धवट होता. त्या दोन शब्दांनंतर काय बोलायचे, हे मी लिहिलेच नव्हते.

लेखा विभागासाठी मी अकरा वर्षे मुलाखती घेत आहे. नुसते ‘माहीत नाही’ ऐकले की समोरच्या मुलाला नेमके कुठपर्यंत येते याचा काहीच अंदाज लागत नाही, आणि मग नाइलाजाने पुढच्या प्रश्नाकडे वळावे लागते. आपला भाचा दीड वर्ष बदलापुरात एका सीएंच्या कार्यालयात खरेदीची बिले टॅलीत चढवत होता, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे या प्रश्नाच्या अगदी उंबरठ्यावर तो रोज काम करत होता. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरूनच ही दोन्ही विवरणे तयार होतात; २ए त्यांच्या भरण्याप्रमाणे बदलत राहते, तर २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि पुरवठादाराने मुदतीनंतर भरलेले बिल त्या महिन्याच्या २बीत येत नाही. म्हणूनच दरमहा विवरणपत्र भरणारा व्यापारी २० तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरताना किती क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या कराची वजावट, घ्यायचे ते २बी पाहून ठरवतो.

हे सगळे त्याला आले नसते तरी चालले असते. ‘दोन्हींतला नेमका फरक मला सांगता येणार नाही, पण मी चढवलेले एखादे बिल पोर्टलवर दिसत नसले की त्या पुरवठादाराला फोन करून विचारण्याचे काम माझ्याकडे होते’, एवढे त्याने म्हटले असते, तर माझ्यासारखीने पेन खाली ठेवून पुढे ऐकले असते. अर्थात ते काम त्याने केले असेल तरच हे बोलावे. ‘मग पुरवठादाराने दाद दिली नाही तर काय करत होतात?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, आणि पाठ केलेले उत्तर तिथे अडते.

म्हणून तयारी करताना प्रश्नोत्तरांच्या याद्या घोकण्याऐवजी त्याने दोन संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि स्वतःचे काम लिहून काढावे. महिन्याला साधारण किती बिले यायची, ती कोण तपासायचे, बँकेचा मेळ कधी बसला नाही आणि तफावत शेवटी कशात सापडली, कोणती चूक त्याच्या हातून झाली आणि ती कोणी पकडली. हे सारे मुलांना माहीत असते, पण आयत्या वेळी आठवत नाही, आणि ‘मी एन्ट्री करायचो’ या एका वाक्यात दीड वर्ष संपते. मला याचे फार वाईट वाटते.

आपण मुलाखत घेणाऱ्यांवरही ठपका ठेवला आहे, आणि तो योग्य आहे. नुसत्या व्याख्या विचारून माणूस पारखता येत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मनाला येईल तसे विचारत जाण्यापेक्षा आधी ठरवलेले, सर्वांना सारखे प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला येतो, असे दिसले होते. आम्ही आता उमेदवारासमोर पाच बिले आणि एक यादी ठेवतो व तफावत शोधायला सांगतो. सगळीकडे असे होत नाही, हे मी नाकारत नाही.

‘अर्धा तास आधी पोहोचा’ हा सल्ला दादरला राहणाऱ्यांसाठी आहे, ही आपली तक्रारही मान्य. बदलापूरहून येणाऱ्याने सकाळी दहाऐवजी साडेअकराची वेळ मिळेल का, असे आधीच विचारण्यात काही गैर नाही. मी स्वतः अशी वेळ अनेकांना दिली आहे. त्याची पुढची मुलाखत चकाल्याला आहे, तर दादरला उतरून गाडी बदलण्यापेक्षा त्याने घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यावी. चकाला स्थानक त्याच मार्गावर आहे. घाटकोपरच्या पुलावर सकाळी गर्दी असते, तेवढी वीस मिनिटे हाताशी ठेवावीत. लेखातले ते वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. वही भरून झाल्यावर त्याला काही विचारायचे असल्यास त्याने इथेच लिहावे, मी उत्तर देईन.